हिमलोट, खिंडी आणि मजूर : उत्तर अमेरिकेतील तीन दुर्घटना (१८९८–१९१०)

१. प्रास्ताविक

पर्वतप्रदेशांच्या इतिहासलेखनात हिमलोटाला बहुधा तळटीपेची जागा मिळते. युद्धे, तह, राजमार्ग आणि व्यापार यांच्या वर्णनात मध्येच एखादे वाक्य येते, अमुक साली अमुक खिंडीत बर्फ कोसळून इतकी माणसे दगावली असे त्यात सांगितलेले असते, आणि कथानक पुढे सरकते. अशा घटनेचे कारण निसर्गात असते, आणि निसर्गाला इतिहास नसतो, ही समजूत या उपेक्षेच्या मुळाशी आहे. वस्तुतः डोंगराच्या उतारावरून बर्फ खाली येणे ही निसर्गाची घटना असली, तरी त्या उताराखाली त्या घटकेला माणसे का होती, ती कोण होती आणि तेथून निघून जाण्याची मोकळीक त्यांना होती की नव्हती, हे प्रश्न निखळ ऐतिहासिक आहेत.

प्रस्तुत निबंधात उत्तर अमेरिकेच्या पश्चिम पर्वतरांगांतील तीन दुर्घटनांचा विचार केला आहे. पहिली अलास्काच्या सीमेवरील चिलकूट खिंडीच्या पायथ्याशी ३ एप्रिल १८९८ रोजी घडली, दुसरी वॉशिंग्टन राज्यातील वेलिंग्टन या रेल्वेस्थानकावर १ मार्च १९१० रोजी, आणि तिसरी कॅनडातील सेलकर्क पर्वतातल्या रॉजर्स खिंडीत ४ मार्च १९१० रोजी. तिन्ही दुर्घटना हिवाळा सरत असताना किंवा वसंताच्या आरंभी घडल्या. तिन्ही ठिकाणी धोक्याची चिन्हे आधी दिसली होती. तिन्ही ठिकाणी मृत्यू मात्र सर्वांच्या वाट्याला सारखा आला नाही. हा शेवटचा मुद्दा या निबंधाचा मुख्य विषय होय.

२. हिमथराचे स्वरूप

विषयाच्या आकलनासाठी हिमथराची रचना थोडक्यात ध्यानी घेणे अवश्य आहे. डोंगरउतारावर साचलेला बर्फ हा एकजिनसी पदार्थ नसतो. प्रत्येक हिमवृष्टीचा एक स्वतंत्र पदर बनतो. त्यावर वारा, ऊन आणि थंडी यांचे संस्कार होतात, आणि पुढील हिमवृष्टी त्याच्यावर नवा पदर घालते. अशा रीतीने वसंताच्या आरंभी उतारावर उभा असलेला थर म्हणजे सबंध हिवाळ्याच्या हवामानाची जणू नोंदवहीच असते. या पदरांपैकी काही घट्ट असतात, काही साखरेच्या दाण्यांसारखे भुसभुशीत असतात. कडक थंडीत जमिनीलगतचा बर्फ तुलनेने उबदार आणि पृष्ठभागाचा अतिशय थंड राहिला, तर बाष्प खालून वर जाते, कणांमधील सांधे नाहीसे होतात आणि तळाशी सैल स्फटिकांचा एक दुबळा पदर निर्माण होतो. त्याच्यावर भारी बर्फ साचला की तो भार पेलण्याचे सामर्थ्य त्या पदरात उरत नाही.

उताराचा कोन साधारणतः ३० ते ४५ अंशांच्या दरम्यान असेल तेथे मोठे हिमलोट बहुसंख्येने सुटतात. याहून सौम्य उतारावर बर्फ सहसा टिकून राहतो. याहून उभ्या कड्यावर तो फारसा साचतच नाही, थोडा थोडा गळत राहतो.

हिवाळा सरताना या रचनेत एक नवा घटक प्रवेश करतो, तो म्हणजे पाणी. ऊन चढू लागते, ऊबदार वारे वाहतात, हिमवृष्टीच्या जागी पाऊस पडतो. वितळलेले पाणी किंवा पावसाचे पाणी थरात झिरपते, आणि हळूहळू सबंध थराचे तापमान शून्य अंशावर येऊन ठेपते. कणांना कणांशी जोडणारे बर्फाचे सांधे वितळतात. एखाद्या कठीण पापुद्र्यावर पाणी अडून साचले, तर त्याच्यावरचा भाग घसरण्यास अनुकूल होतो. रात्री आकाश निरभ्र असून कडक गारठा पडला, तर पृष्ठभाग पुन्हा गोठतो आणि सकाळी तो भक्कम वाटतो. दुपारपर्यंत तोच भाग पुन्हा सैल होतो. म्हणूनच वसंतात डोंगर ओलांडणारे जाणते लोक पहाटे निघतात आणि ऊन तापण्यापूर्वी उताराखालून बाहेर पडतात. परंतु रात्रीही आभाळ झाकलेले राहिले आणि गारठा पडलाच नाही, तर हे नित्याचे वेळापत्रक निरुपयोगी ठरते.

सर्वांत भयंकर स्थिती उद्भवते ती मात्र वेगळ्या क्रमाने. अनेक दिवस सतत हिमवृष्टी होऊन उतारावर ताज्या बर्फाचा प्रचंड साठा होतो, आणि तो स्थिरावण्यापूर्वीच हवा एकाएकी ऊबदार होते किंवा पाऊस सुरू होतो. पावसाने भार तत्काळ वाढतो आणि सांधे त्याच वेळी दुबळे होतात. पावसाळ्यात घाटातील दरड मुरलेल्या पाण्याने सुटते, तिच्याशी या प्रक्रियेचे काही अंशी साम्य आहे. फरक इतकाच की दरडीत पाणी आणि माती हे दोन भिन्न पदार्थ असतात, येथे मात्र खुद्द मातीच पाणी होत असते. असा ओला लोट कोरड्या लोटाइतका वेगवान नसला, तरी त्याचे वजन अफाट असते आणि थांबल्याबरोबर तो सिमेंटसारखा घट्ट बसतो. त्यात गाडलेल्या माणसाला हातदेखील हलविता येत नाही.

३. चिलकूट, १८९८

ऑगस्ट १८९६ मध्ये कॅनडातील क्लोंडाइक भागात सोने सापडले, आणि पुढील दीड वर्षात हजारो लोक अलास्काच्या किनाऱ्यावर उतरले. तेथून युकॉन नदीच्या उगमाकडे जाण्याचा एक प्रमुख मार्ग डायई या बंदरापासून चिलकूट खिंडीतून जात होता. खिंडीची उंची एक हजार मीटरांच्या आसपास असली, तरी अखेरचा चढ इतका उभा होता की बर्फात पायऱ्या खोदून माणसे एकामागून एक मुंग्यांच्या रांगेप्रमाणे वर चढत. सीमेवरील कॅनडाच्या घोडदळ पोलिसांनी प्रत्येक इसमास सुमारे वर्षभर पुरेल इतकी सामग्री आणणे सक्तीचे केले होते. हे ओझे सुमारे एक टन भरे. ते पाठीवरून वाहण्यास एकाच माणसाला तीसचाळीस खेपा घालाव्या लागत. साहजिकच एकदा ओलांडून जाण्याजोगी ती वाट कित्येक आठवडे वास्तव्य करण्याची जागा बनली. शीप कॅम्प आणि त्याच्या वरचे स्केल्स या मुक्कामांवर तंबूंची गावेच वसली.

ही खिंड नवी नव्हती. किनाऱ्यावरील ट्लिंगिट लोक पिढ्यान्‌पिढ्या तिच्यातून अंतर्भागातील लोकांशी व्यापार करीत आले होते आणि वाटेवर त्यांचा अधिकार चालत असे. सोन्याच्या लोंढ्याच्या काळात त्यांपैकी अनेकांनी भारवाहनाचा व्यवसाय पत्करला. दर ते स्वतः ठरवीत, आणि अधिक मोबदला देणारा भेटला तर पहिल्याचे ओझे खाली ठेवून दुसऱ्याचे उचलीत. समकालीन गोऱ्या प्रवाशांनी त्यांच्या या वृत्तीबद्दल पुष्कळ कुरकुर केली आहे.

१८९८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये खिंडीत अतोनात बर्फ पडला. मार्च संपता संपता दक्षिणेकडून ऊबदार वारा सुटला आणि नव्या ओल्या बर्फाची भर पडली. ट्लिंगिट भारवाहकांनी या हवामानाचा अर्थ ओळखला. वर जाणे धोक्याचे आहे असे सांगून त्यांनी काम थांबविले व ते खाली परतले. अनुभवी गोऱ्या प्रवाशांपैकीही काहींनी इशारे दिले. परंतु उत्तरेकडची सरोवरे फुटण्यापूर्वी पलीकडे पोहोचून नौका बांधण्याची घाई असलेल्या जनसमुदायावर त्यांचा परिणाम झाला नाही. चिन्हे दिसत असूनही हवा थोडी उघडली की लोक पुन्हा वाटेला लागत.

ईस्टरच्या आदल्या रविवारी, ३ एप्रिल रोजी, पहाटेपासून लहानमोठे लोट कोसळू लागले. तेव्हा वरच्या मुक्कामातील माणसांनी आणि मालवाहू तारमार्गाच्या बांधणीवर असलेल्या कामगारांनी खाली शीप कॅम्पकडे जाण्याचा निर्णय घेतला. माघारीची ही रांग घळीतून उतरत असतानाच दुपारच्या सुमारास मोठा लोट सुटला आणि त्याने तिला गाठले. साठाहून अधिक माणसे मरण पावली. निश्चित आकडा कोणत्याही दोन याद्यांत सारखा नाही, कारण त्या वाटेवर कोण कोठून आला होता याची नोंदच नव्हती. शोधासाठी शेकडो लोक धावून आले. गाडलेल्यांचे आवाज वरून ऐकू येत होते, तरी त्यांच्यापर्यंत पोहोचण्यास वेळ पुरला नाही, असे वृत्तांत समकालीनांनी नोंदविले आहेत. मृतांपैकी अनेकांच्या थडग्यांची दफनभूमी डायईच्या परिसरात आजही आहे.

या घटनेचा इतिहासदृष्ट्या महत्त्वाचा भाग असा की धोक्याचे ज्ञान तेथे उपलब्ध होते. ते कोणत्याही उपकरणावर अवलंबून नव्हते. भारी हिमवृष्टीनंतर ऊबदार वारा आला की उताराखाली थांबू नये, हा निष्कर्ष काढण्यास पिढ्यांचा अनुभव पुरेसा होता. परंतु ट्लिंगिट भारवाहक वाचले ते केवळ जाणते होते म्हणून नव्हे. काम नाकारले तरी त्यांचे घर, त्यांचा समाज आणि त्यांची उपजीविका खाली किनाऱ्यावर शाबूत होती. ज्या स्वतंत्र वृत्तीबद्दल प्रवासी कुरकुर करीत होते, तिनेच त्यांना त्या दिवशी वाटेपासून दूर ठेवले. ज्ञानाला नकाराचे सामर्थ्य मिळाले, तेव्हाच ते जीव वाचवू शकले.

४. वेलिंग्टन, १९१०

दुसऱ्या दुर्घटनेचे वातावरण निराळे आहे. येथे विस्कळीत जनसमुदाय नसून एक संघटित रेल्वे कंपनी आहे. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेचा मार्ग कॅस्केड पर्वत स्टीव्हन्स खिंडीच्या ठिकाणी ओलांडीत असे. १९०० मध्ये माथ्याखालून सुमारे सव्वाचार किलोमीटर लांबीचा बोगदा पूर्ण झाला होता. त्याच्या पश्चिम तोंडाजवळ वेलिंग्टन हे लहानसे स्थानक होते. लोहमार्ग डोंगराच्या कडेने गेलेला, खाली टाय नदीची दरी, वर विंडी पर्वताचा उतार, अशी त्याची रचना होती. त्या उतारावरील अरण्य पूर्वी लागलेल्या वणव्यांत जळून गेले होते. दाट झाडी उतारावरील बर्फाला ठिकठिकाणी अडवून धरते व त्याचा एकसंध पट्टा बनू देत नाही. ती नाहीशी झाल्यावर सबंध उतार मोकळा झाला होता.

फेब्रुवारी १९१० च्या अखेरीस स्पोकेनहून सिअ‍ॅटलकडे निघालेली एक प्रवासी गाडी आणि एक टपालगाडी वादळामुळे प्रथम बोगद्याच्या पूर्वेस अडकून पडल्या. नंतर त्यांना बोगद्यातून पश्चिमेस आणून वेलिंग्टन येथे उभे करण्यात आले. पुढे अनेक दिवस हिमवृष्टी थांबलीच नाही. बर्फ उपसणारी रोटरी यंत्रे मार्ग मोकळा करीत, आणि त्यांच्या मागे नवे लोट येऊन तो पुन्हा बंद होई. अखेर यंत्रे स्वतःच लोटांच्या मध्ये कोंडली गेली. कोळसा संपत आला. तारायंत्राच्या तारा तुटल्या. गाडी निघून आल्यानंतर पूर्वेकडील स्थानकावर लोट कोसळून तेथील भोजनगृह उद्ध्वस्त झाले व दोन माणसे मेली. हे वृत्त कळताच प्रवाशांत घबराट पसरली. गाडी पुन्हा बोगद्यात नेऊन उभी करावी अशी मागणी झाली. परंतु बोगद्यात धूर आणि ओल यांचा त्रास होईल, गाडी तापविण्यास कोळसा पुरणार नाही, आणि वेलिंग्टन येथे पूर्वी कधी लोट आलेला नाही, या कारणांस्तव ती मान्य झाली नाही. काही धडधाकट प्रवासी व कर्मचारी बर्फातून पायी उतरून खालच्या स्थानकावर गेले. स्त्रिया, मुले, आजारी माणसे आणि ज्यांना जागा सोडण्याची परवानगी नव्हती असे कर्मचारी मागे राहिले.

याच काळात फावड्याने बर्फ उपसणाऱ्या मजुरांचा मजुरीच्या दरावरून कंपनीशी वाद झाला व त्यांच्यापैकी पुष्कळ जण काम सोडून डोंगर उतरून गेले. हा तपशील बहुधा दुय्यम म्हणून वगळला जातो. परंतु चिलकूटच्या ट्लिंगिट भारवाहकांच्या शेजारी ठेवून पाहिला असता तो बोलका वाटतो. या मजुरांनी धोका ओळखून काम सोडले असे म्हणता येत नाही. त्यांनी मजुरी अपुरी म्हणून ते सोडले. तथापि परिणाम एकच झाला : संकटाच्या रात्री ते त्या उताराखाली नव्हते.

२८ फेब्रुवारीच्या सुमारास हिमवृष्टीचे पावसात रूपांतर झाले आणि ऊबदार वारा सुटला. १ मार्चच्या मध्यरात्रीनंतर, विजांच्या कडकडाटात, पहाटे एकच्या सुमारास विंडी पर्वताच्या उतारावरून बर्फाचा विस्तीर्ण पट्टा सुटला आणि दोन्ही गाड्या रुळांवरून उचलून सुमारे १५० फूट खाली नदीच्या पात्रात फेकल्या गेल्या. ९६ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ३५ प्रवासी होते. उरलेले ६१ जण टपालगाडीवरचे, इंजिनांवरचे, हिमयंत्रांवरचे आणि स्थानकातले कर्मचारी होते. २३ जण जिवंत निघाले. अखेरचे प्रेत हाती लागण्यास जुलै उजाडावा लागला.

५. ‘ईश्वरी कृत्य’ आणि कायदा

या प्रकरणाची कायदेशीर बाजू मुळातून पाहण्यासारखी आहे. मृत्यूच्या चौकशीसाठी नेमलेल्या पंचांनी दुर्घटना मानवी नियंत्रणापलीकडची मानली, परंतु कोळशाचा अपुरा साठा आणि मजुरांना दिली जाणारी कमी मजुरी या बाबींवर बोट ठेवले. पुढे एका मृत प्रवाशाच्या कुटुंबाच्या वतीने कंपनीवर दावा गुदरण्यात आला. ज्यूरीने निकाल वादीच्या बाजूने दिला. परंतु १९१४ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. दुर्घटना अनिवार्य नैसर्गिक शक्तीमुळे घडली, सबब कंपनी जबाबदार नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

इंग्रजी कायद्याच्या परंपरेत ‘ईश्वरी कृत्य’ ही कल्पना जुनी आहे, आणि त्याच परंपरेतून ती भारतीय न्यायालयांतही आली. तिच्यामागील तत्त्व न्याय्य आहे. ज्याची पूर्वकल्पना येणे शक्य नाही त्याबद्दल कोणाला दोषी धरता येत नाही. परंतु पूर्वकल्पना येणे शक्य होते की नाही, हे ठरविण्यासाठी न्यायालयाला ज्ञानाची तत्कालीन अवस्था गृहीत धरावी लागते, आणि तो काळ हिमथराच्या शास्त्राचा शैशवकाळ होता. ‘या जागी पूर्वी लोट आला नव्हता’ हे विधान न्यायालयापुढे वजनदार ठरले. वणव्याने उघडा पडलेला उतार हा पूर्वीचा उतारच नव्हे, या गोष्टीला तितके वजन मिळाले नाही. पूर्वानुभव हा चिलकूट येथे सावधगिरीचा आधार होता. वेलिंग्टन येथे तोच निर्धास्तपणाचा आधार झाला. भूप्रदेश बदलला की पूर्वानुभवाचे प्रामाण्यही बदलते, हा धडा या दोन घटना शेजारी ठेवल्याने स्पष्ट होतो.

कंपनीने मात्र न्यायालयाच्या निकालाची वाट पाहिली नाही. वेलिंग्टनचे नाव बदलून टाय करण्यात आले. लोहमार्गावर काँक्रीटचे भक्कम हिमनिवारक मांडव उभारण्यात आले. पुढे १९२९ मध्ये सुमारे साडेबारा किलोमीटर लांबीचा नवा बोगदा सुरू होऊन ती सारी जागाच सोडून देण्यात आली. जी आपत्ती कायद्याने अनिवार्य ठरविली, ती अभियांत्रिकीने टाळता येण्याजोगी मानली.

६. रॉजर्स खिंड, १९१०

वेलिंग्टनच्या दुर्घटनेला चार दिवसही झाले नव्हते, तोच उत्तरेस सेलकर्क पर्वतात तिसरी दुर्घटना घडली. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेसाठी ही वाट मेजर ए. बी. रॉजर्स यांनी १८८१ मध्ये शोधली आणि नोव्हेंबर १८८५ मध्ये पूर्व-पश्चिम लोहमार्ग जोडला गेला. खिंडीची उंची अवघी १,३३० मीटर असली, तरी प्रशांत महासागरावरून येणारे बाष्प या पर्वतात अडत असल्याने तेथील हिमवृष्टी विलक्षण आहे. पहिल्याच हिवाळ्यात, १८८५-८६ मध्ये, मार्ग बंद ठेवून कंपनीने लोटांच्या निरीक्षणासाठी माणसे ठेवली. त्यानंतर धोक्याच्या जागी लाकडी मांडव बांधण्यात आले. त्यांची संख्या ३१ होती. उन्हाळ्यात प्रवाशांना देखावा दिसावा म्हणून काही मांडवांच्या बाहेरून वेगळा रूळ टाकण्यात आला होता. एवढी तजवीज असूनही १८९९ मध्ये खिंडीतले स्थानक लोटाखाली उद्ध्वस्त झाले. १८८५ ते १९१६ या काळात खिंडीच्या परिसरात हिमलोटांनी दोनशेहून अधिक माणसांचे बळी घेतले असे मानले जाते.

४ मार्च १९१० रोजी संध्याकाळी खिंडीच्या एका बाजूच्या चीऑप्स पर्वतावरून लोट येऊन रूळ बुजला. रोटरी यंत्र आणि मजुरांची तुकडी ताबडतोब पाठविण्यात आली. लोटातून आलेली मोडलेली झाडे यंत्राला उपसता येत नसल्याने ती हातांनी काढावी लागत. यंत्राने बर्फात कापलेल्या उंच भिंतींच्या घळीत उतरून मजूर रात्री काम करीत होते. मध्यरात्रीच्या सुमारास समोरच्या बाजूच्या पर्वतावरून, म्हणजे पहिल्या लोटाच्या विरुद्ध दिशेने, दुसरा लोट आला आणि ती घळ क्षणार्धात भरून गेली. ५८ माणसे मरण पावली. इंजिनावरील एक फायरमन दूर फेकला जाऊन आश्चर्यकारकरीत्या वाचला. रेव्हलस्टोक गावातून शेकडो स्वयंसेवक हिमवादळातून मदतीस धावले, परंतु त्यांच्या वाट्याला बहुतांशी प्रेते उकरण्याचेच काम आले.

मृतांपैकी ३२ जण जपानी मजूर होते. हा आकडा योगायोगाचा नव्हे. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात जपानी वंशाच्या लोकांना १८९५ मध्ये मताधिकार नाकारण्यात आला होता. सप्टेंबर १९०७ मध्ये व्हँकुव्हर येथे आशियाई लोकांविरुद्ध दंगल झाली. १९०८ मध्ये जपानी मजुरांच्या आगमनावर करारान्वये मर्यादा घालण्यात आली, आणि त्याच वर्षी अखंड प्रवासाची अट लादून भारतीयांनाही कॅनडाचे दार बंद करण्यात आले. ज्यांना नागरिक म्हणून नकोसे मानले जात होते, त्यांचे हात मात्र लोहमार्गावर हवे होते. कंत्राटदारामार्फत टोळीने भरती झालेल्या, भाषेने आणि कायद्याने एकाकी पडलेल्या या मजुराला ‘आज रात्री त्या घळीत उतरत नाही’ असे म्हणण्याची सोय नव्हती. चिलकूटचा भारवाहक परतू शकला, वेलिंग्टनचा फावडेवाला निघून जाऊ शकला. रॉजर्स खिंडीतील मजुराला यांपैकी कोणतीच वाट मोकळी नव्हती. त्याच्या शेजारी मेलेल्या गोऱ्या कामगारांनाही, नोकरी टिकवायची असेल तर, ती फारशी मोकळी नव्हती, हेही नमूद करणे न्यायाचे होईल.

या तिसऱ्या दुर्घटनेत आणखी एक गोष्ट दिसून येते. पहिल्या लोटाने जे घडले नाही ते दुसऱ्याने घडले, कारण पहिल्याने माणसांना उताराखाली ओढून आणले. मार्ग बंद राहू नये या आग्रहातून संकटाच्या जागी, संकटाच्याच वेळी, माणसांची गर्दी झाली. पहिला लोट म्हणजे त्या हवामानात उतार सुटू लागल्याचा सर्वांत स्पष्ट इशारा होय, हा आजच्या बचावकार्याचा प्राथमिक नियम आहे. तो अशा मृत्यूंतूनच शिकला गेला.

७. मांडव, बोगदा आणि निरीक्षण

रॉजर्स खिंडीतील दुर्घटनेनंतर कंपनीने माथ्यावरील मार्ग सोडण्याचे ठरविले. १९१३ मध्ये काम सुरू होऊन १९१६ च्या अखेरीस सुमारे आठ किलोमीटर लांबीचा कॉनॉट बोगदा वाहतुकीस खुला झाला. खिंड पुन्हा ओस पडली. परंतु पुढे राष्ट्रीय महामार्ग याच खिंडीतून नेण्याचे ठरले, आणि बोगद्याने टाळलेला प्रश्न मोटारींच्या युगात पुन्हा उभा राहिला.

दरम्यान या प्रश्नाचे स्वरूपच बदलले होते. स्वित्झर्लंडमध्ये वनाधिकारी योहान कोआझ यांनी आल्प्समधील हिमलोटांचा ग्रंथ १८८१ मध्ये प्रसिद्ध केला होता. १९३० नंतर त्या देशात हिमथराच्या अभ्यासाला शासकीय आधार मिळाला, दावोसजवळ वाइसफ्लूयोख येथे प्रयोगशाळा उभी राहिली, आणि १९३९ मध्ये तेथील संशोधकांचा हिमकणांच्या रूपांतरावरील पायाभूत ग्रंथ निघाला. उतारावर खड्डा खणून पदरामागून पदर तपासणे, प्रत्येकाचे तापमान, घनता आणि काठिण्य मोजणे, ही पद्धत तेथे रूढ झाली. उतारावर लोट येतो की नाही या जुन्या प्रश्नाची जागा आता आजचा थर कोणत्या पदरावर उभा आहे या प्रश्नाने घेतली. अनुभवाचे ज्ञान त्यामुळे खोटे ठरले नाही. ऊबदार वाऱ्याची भीती ट्लिंगिट लोकांना जशी होती तशीच ती शास्त्रज्ञांनाही आहे. परंतु ते ज्ञान आता मोजता येऊ लागले, लिहिता येऊ लागले, आणि जो त्या डोंगरात जन्मला नाही त्यालाही शिकविता येऊ लागले.

ही पद्धत रॉजर्स खिंडीत आणण्याचे श्रेय मुख्यतः उद्यानाचे रक्षक नोएल गार्डनर आणि स्वित्झर्लंडहून आलेले अभियंता पीटर शेरर यांना दिले जाते. महामार्ग १९६२ मध्ये खुला झाला. त्याच्या रक्षणासाठी काँक्रीटचे मांडव, मातीचे बांध, थराची नित्य तपासणी आणि तोफखाना यांची सांगड घालण्यात आली. धोका वाढला की वाहतूक थांबवितात आणि सैन्याच्या १०५ मिलिमीटरच्या तोफांनी उतारावर मारा करून लोट ठरावीक वेळी पाडतात. या व्यवस्थेत सर्वांत महत्त्वाची वस्तू तोफ नव्हे. थराची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याला रस्ता बंद करण्याचा अधिकार आहे, ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. १९१० मध्ये जो निर्णय मार्ग चालू ठेवण्याची जबाबदारी असलेल्या माणसाच्या हाती होता, तो आता धोका ओळखण्याची जबाबदारी असलेल्या माणसाच्या हाती आला.

८. समारोप

या तीन दुर्घटनांचे महत्त्व केवळ एका दूरच्या खंडापुरते नाही. भारतात १९६२ नंतर हिमालयातील रस्त्यांचे सामरिक महत्त्व वाढले, आणि १९६९ मध्ये मनाली येथे हिम व हिमलोट यांच्या अभ्यासाची संरक्षणखात्याची संस्था स्थापन झाली. २०२० मध्ये ती दुसऱ्या एका संस्थेत विलीन होऊन चंदीगड येथील नव्या भूमाहिती-संशोधन संस्थेचा भाग बनली. मांडव, बोगदा आणि निरीक्षण ही तीन पावले येथेही दिसतात. रोहतांगखालील सुमारे नऊ किलोमीटरचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झाला, आणि झोजीलाखालील बोगद्याचे काम हाती घेण्यात आले.

२८ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तराखंडातील माणा गावाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या कामावरील मजुरांच्या छावणीवर हिमलोट कोसळला. ५४ मजूर त्यात सापडले. ४६ जणांना वाचविण्यात यश आले, आठ जण मरण पावले. चंदीगडच्या संस्थेने त्या भागासाठी हिमलोटाचा इशारा आदल्याच संध्याकाळी प्रसृत केला होता. शास्त्राने आपले काम केले होते. बचावपथकांनीही कठीण हवामानात आपले काम केले. तथापि इशारा आणि छावणी यांच्या दरम्यान जे अंतर उरले, ते हिमथराच्या भौतिकशास्त्राने भरून निघणारे नाही.

हेच अंतर चिलकूट, वेलिंग्टन आणि रॉजर्स खिंड या तिन्ही ठिकाणी आढळते. हिवाळा सरताना भारी बर्फावर ऊब आणि पाणी आले की उतार सुटतो, हे ज्ञान एका ठिकाणी परंपरेत होते, दुसऱ्या ठिकाणी प्रवाशांच्या भीतीत होते, तिसऱ्या ठिकाणी पहिल्या लोटाने प्रत्यक्ष लिहून ठेवले होते. ज्याला त्या ज्ञानानुसार वागण्याची मोकळीक होती तो वाचला, ज्याला नव्हती तो बहुधा मेला. म्हणून हिमलोटांचा इतिहास लिहिताना थराची जाडी आणि उताराचा कोन यांबरोबर मजुरीचा करार, कंत्राटाच्या अटी, नागरिकत्वाचे कायदे आणि काम थांबविण्याचा अधिकार कोणाकडे होता, या साधनांचाही अभ्यास होणे अगत्याचे आहे. हिमालयातील रस्तेबांधणीची दप्तरे आणि मजुरांच्या आठवणी या दृष्टीने तपासल्या गेल्यास, आजवर तळटीपेत राहिलेल्या या विषयाला इतिहासात त्याचे योग्य स्थान मिळेल.